उजव्या आम्लासाठी एजंट पाहिजे

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.१०
नवी वही. जुनी भरलेली नव्हती, पण तिच्यातली शेवटची सहा पानं "उद्यापासून" या शब्दाने सुरू होतात, म्हणून बंद केली. या वहीत फक्त वस्तुस्थिती लिहायची. तक्रारी नाहीत. कुणाबद्दल संशय नाही. पुरावा हाताशी असेल तर तो संशय नसतोच मुळी.

दुपारी १२.३०
साहेबांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावलं. नवं आम्ल आलं आहे. पुढेमागे स्वतःलाच विसर पडू नये म्हणून सोपं करून लिहितो. हे आम्ल म्हणजे हातमोज्यांचा ढीग. निम्मे मोजे उजव्या हाताचे, निम्मे डाव्या. वजन तेच, रंग तोच, वास तोच. औषध म्हणून उपयोग फक्त उजव्याचा. दोन्ही वेगळे करायचे तर एक तिसरा मध्ये घालावा लागतो, आणि हा तिसरा स्वतः एकाच हाताचा असावा लागतो. त्याचं एकाशी हस्तांदोलन नीट जमतं, दुसऱ्याशी वाकडं. जमलेली जोडी स्फटिक होऊन तळाशी बसते, वाकडी वर द्रावणात राहते. मग गाळायचं. या तिसऱ्याला आमच्या धंद्यात रिझॉल्व्हिंग एजंट म्हणतात. कोणत्या आम्लाला कोणता एजंट चालेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. कुणालाच म्हणजे, ज्यांना अनुभव नाही त्यांना.

मुदत १० ऑक्टोबर. तोवर जमलं नाही तर काम दुसऱ्या शाखेकडे जाणार. साहेब डिसेंबरात निवृत्त होतायत. त्यांच्या खुर्चीबद्दल त्यांनी आज एक अक्षर काढलं नाही. यावरून काय ते समजावं.

काम दोघांना दिलं: मी आणि नव्या बाई. बाई चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीतून आल्या, माझ्या शेजारचं टेबल त्यांचं. साहेब म्हणाले, दोघं मिळून करा. म्हणजे स्पर्धा लावली. मी नोकरीत चोवीस वर्षं उगाच नाही काढली.

माझा निर्णय मीटिंगमधून जागेवर येईपर्यंत झालासुद्धा. क्विनीन. अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका आम्लावर पहिल्या फटक्यात चाललं होतं. माझ्यासाठी हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ.

३ सप्टेंबर, मंगळवार
बाईंनी कुप्या मांडायला घेतल्या. करंगळीएवढ्या काचेच्या कुप्या, एका रॅकमध्ये शहाण्णव. चोवीस एजंट, प्रत्येकासाठी चार द्रावकं, प्रत्येक कुपीवर चिठ्ठी. दिवसभर नुसत्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. ज्याला माहीत असतं तो एकच दार ठोठावतो, ज्याला माहीत नसतं तो सगळी आळी उठवतो. हे वाक्य मी साहेबांच्या कानावर पडेल असं म्हटलं. साहेब फोनवर होते.

बाईंनी विचारलं, "सर, तुमच्या क्विनीनचे निकाल माझ्या तक्त्यात घालू का? एक रकाना रिकामा ठेवलाय."
मी म्हटलं, बघू. माझा माल यांच्या रकान्यात. आयत्या बिळावर नागोबा ते हेच.

५ सप्टेंबर, गुरुवार. ४.१५
आम्ल आणि क्विनीन अल्कोहोलमध्ये गरम करून एकत्र केलं, सावकाश थंड केलं. तळाशी तेल बसलं. स्फटिक नाही.

तेल ही पहिली पायरी असते.

६ सप्टेंबर, शुक्रवार
तेल.

काचकांडीने फ्लास्कच्या आतल्या बाजूला अर्धा तास खरवडलं. असं खरवडल्याने स्फटिक सुरू होतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे क्विनीनच्या चारही कुप्यांत तेलच आलंय, तेव्हा बहुधा या आम्लाचं आणि क्विनीनचं जमत नसावं. किती सहज म्हणाल्या. माणसाला त्याच्या वाटेवरून हटवायची ही जुनी पद्धत आहे. मी हसलो आणि फ्लास्क त्यांच्या बाजूने उचलून माझ्या बाजूला ठेवला.

९ सप्टेंबर, सोमवार
फ्लास्क शुक्रवारी खिडकीपासून एक वीत होता. आज दीड वीत. सफाईवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, मी काचेला हात लावत नाही, मागे एकदा फुटली तेव्हापासून. प्रामाणिक वाटल्या. मग उरलं कोण?

उपाय: १) फ्लास्कवर द्रावणाच्या पातळीला पेन्सिलीची बारीक खूण. २) बुचावर एक केस आडवा चिकटवणे. कुणी उघडलं की तुटणार. केस स्वतःचाच वापरावा लागतो आणि तो साठा आता मर्यादित आहे, म्हणून रोज एकच.

१० सप्टेंबर, मंगळवार
केस शाबूत. खूण जिथल्या तिथे. म्हणजे त्यांना कळलं की मला कळलंय.

११ सप्टेंबर, बुधवार. २.००
मुळाशी गेलो. दोष माझ्या पद्धतीत नाही, हे धरून चालायला हरकत नाही. आम्लात नाही, कारण बाईंकडेही तेच आहे. राहिलं क्विनीन. स्टोअरमध्ये जाऊन बाटली कधीची ते विचारलं. स्टोअरकीपर म्हणाला, गेल्या महिन्यात आली, सील तुम्हीच फोडलंत. नजर मिळवत नव्हता. तो नेहमी रजिस्टरकडेच बघून बोलतो, पण आज जास्त बघत होता. बाटलीत भेसळ असणार, किंवा माल बदललेला. चांगलं क्विनीन कुणासाठी बाजूला ठेवलं जातंय ते शोधायला हवं.

तोवर तोडगा सोपा. माल अर्ध्या ताकदीचा असेल तर दुप्पट घालायचा. हिशेबाने जितकं लागतं त्याच्या दुप्पट क्विनीन घातलं, थोडं पाणी घातलं, फ्लास्क फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवला. अशा गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत.

१२ सप्टेंबर, गुरुवार
घरी. ही फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी आत शिरताच, "बरं, उद्या सकाळी सात वाजता," म्हणून ठेवून दिला. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, कुणी नाही. "कुणी नाही" ला सात वाजता कोण भेटतं?

१३ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ७.२०
ही घरात नाही. चिठ्ठी: "भाजी आणायला जाते." पिशवी दाराला लटकलेली.

नोंद करतो आणि कामाला जातो. एका वेळी एकच आघाडी.

१६ सप्टेंबर, सोमवार
तेल.

आमच्याकडे मोजमापाचं काम जो करतो त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण तो चार दशांशांशिवाय बोलत नाही. बस किती वाजता आली विचारलं तरी सेकंद सांगेल. तर हा दशांश आज बाईंच्या टेबलाशी वीस मिनिटं उभा होता. मी जवळ गेल्यावर दोघं गप्प. मी विचारलं, काय चाललंय. दशांश म्हणाला, कुपी क्रमांक ३१ मध्ये काहीतरी पांढरं दिसतंय. मी म्हटलं, धूळ असेल. बाई म्हणाल्या, असू शकेल. भांडण टाळणारी माणसं फार खोल असतात.

१८ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ९.०५
स्फटिक.

फ्रीज उघडला आणि फ्लास्कच्या तळाशी पांढऱ्या सुया. बारीक, लांब, रेशमासारख्या. दहा मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. फ्रीजचा अलार्म वाजायला लागला म्हणून दार लावलं. आयुष्यात माणसाला दोनतीनदाच खात्री वाटते.

आजपासून ठरवलं: कुणालाही सांगायचं नाही. एका हाताचं दुसऱ्या हाताला कळता कामा नये.

१०.३०
साहेबांना सांगितलं. स्टोअरकीपरलाही, त्याचा चेहरा बघायला. तो रजिस्टरकडे बघत "छान" म्हणाला.

१९ सप्टेंबर, गुरुवार
सुया गाळल्या, वाळवल्या, चिमूटभर अल्कोहोलात विरघळवून पोलारीमीटरमध्ये घातल्या. या यंत्रातून प्रकाश जातो. उजव्या-डाव्यांचं सारखं मिश्रण असेल तर प्रकाश सरळ बाहेर येतो, एकाच हाताचा माल असेल तर वळून येतो. माझा इतका वळला की मी दोनदा यंत्र तपासलं. डावीकडे भरभक्कम. म्हणजे डावे मोजे तळाशी आले, आपल्याला हवे ते उजवे वर राहिले. फत्ते.

नियमाप्रमाणे यानंतर सुयांमधलं क्विनीन धुऊन काढून नुसतं आम्ल मोजायचं असतं. पण आकडा एवढा मोठा असताना कशाला? घर जळताना दिसत असेल तर धूर मोजत बसत नाहीत.

दशांशने एक फॉर्म पुढे केला. कुठल्या चाचण्या हव्यात त्यावर खुणा करा म्हणाला. असल्या कागदी घोड्यांना माझ्याकडे वेळ नाही. सगळ्या चौकोनांवर खुणा करून सही ठोकली.

२० सप्टेंबर, शुक्रवार
साप्ताहिक बैठकीत पंचवीस मिनिटं बोललो. नेमून दिलेली सात होती. सुयांचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. म्हटलं, शहाण्णव कुप्यांनी जे होत नाही ते कधीकधी एका माणसाच्या अंतःप्रेरणेने होतं. दोघांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सर, मीठ मोडून आम्ल वेगळं मोजलंत का?"

आम्ल आणि एजंटची जी जोडी होते तिला आम्ही मीठ म्हणतो. जखमेवर चोळायला आणलं होतं त्यांनी. मी म्हटलं, पुढच्या टप्प्यात. साहेबांनी मान हलवली. होकारार्थी होती, असं माझं मत आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार
बाईंच्या हालचाली.
९.४०: माझ्या टेबलाजवळ आल्या. "सर, दोन मिनिटं आहेत का?" नव्हती.
१२.५०: जेवणाच्या खोलीत माझ्या समोरची खुर्ची ओढली. डबा उचलून उठलो. पोट भरलं नव्हतं.
४.३०: फ्लास्कवर पिवळी चिठ्ठी. "सर, सुयांचा वितळबिंदू एकदा बघा. क्विनीनचा किती आहे तेही बघा. जमलं तर माझ्याशी बोला."

जमलं तर बोला. ही धमकी आहे की सौदा, ते दोनदा वाचूनही ठरवता आलं नाही. चिठ्ठी पुरावा म्हणून या वहीत डकवली आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार. ११.१५
सापडलं. सुयांची बाटली काल संध्याकाळी खुणेपर्यंत भरलेली होती. आज खुणेच्या खाली, बोटभर. केस तुटलेला. बुचाजवळ पांढरा कण.

बसलो, पाणी प्यायलो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझं काही चोरण्यासारखं झालं होतं.

२५ सप्टेंबर, बुधवार
तक्रार लिहिली. दीड पान. वारांसकट, वेळांसकट, वितींसकट. "संशयित" हा शब्द वापरला, "चोर" नाही, कारण मी सभ्य माणूस आहे. बाईंचं पद लिहिलं, हुद्दा लिहिला, शेजारचं टेबल असल्याचं लिहिलं. त्यांना या कामावरून दूर करावं अशी शिफारस केली. साहेबांच्या हातात दिली तेव्हा ते चष्मा शोधत होते. वाचून म्हणाले, "उद्या या." त्यांच्या आवाजात काळजी होती. संस्थेबद्दलची असणार.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही बघितलंत का तिला घेताना? म्हटलं, बघायची गरज नसते, सगळ्या गोष्टी एकाच माणसाकडे बोट दाखवत होत्या. हिने माझा रिकामा डबा उचलला. मग म्हणाली, बोट कुणाचं होतं ते? आणि आत गेली.

२६ सप्टेंबर, गुरुवार
वस्तुस्थिती लिहायची असं ठरवलं आहे, म्हणून लिहितो.

साहेबांच्या खोलीत साहेब होते आणि दशांश होता. बाई नव्हत्या. साहेबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. दशांशचा फॉर्म, एकोणीस तारखेचा. सगळ्या चौकोनांवर खुणा. शेवटचा चौकोन: "नमुना मोजमाप विभागाने परस्पर बाटलीतून घ्यावा." खाली माझी सही, लांब शेपटीची, मी जशी करतो तशी.

दशांश म्हणाला, मंगळवारी सकाळी ८.४२ ला घेतला. ०.५१२० ग्रॅम. बुचावर केस होता, तो स्वच्छतेच्या दृष्टीने काढून टाकला.

मग त्याने निकाल सांगितला. सुयांमध्ये माझं आम्ल नाही. आम्लाचा मागमूस नाही. त्या सुया क्विनीनच्या आहेत. शुद्ध क्विनीन, ९९.४१३० टक्के. वर द्रावणात जे आम्ल होतं तेही तपासलं: ५०.०२१० उजवं, ४९.९७९० डावं. एक मोजाही इकडचा तिकडे झालेला नाही. प्रकाश वळला तो क्विनीनमुळे, क्विनीन तो असाही वळवतंच, बाटलीतून काढून सरळ घातलं असतं तरी वळवलं असतं. दुप्पट घातलं होतं, जास्तीचं गारठ्यात बाहेर येऊन बसलं.

साहेब म्हणाले, "म्हणजे क्विनीन घातलं आणि क्विनीन मिळालं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. स्टोअरचा माल मात्र उत्तम प्रतीचा निघाला.

माझी तक्रार टेबलावर उलटी पडली होती. साहेबांनी तिच्याबद्दल एवढंच म्हटलं, की हे आता इथेच राहू दे. मी मान हलवली. म्हटलं, डोकं दुखतंय, घरी जातो.

५.१०
हिला फोन केला, बरं वाटत नाही म्हणून. म्हणाली, दाराशी थांबा, आले. मला वाटलं रिक्षाने येईल. फाटकाशी आमचीच गाडी येऊन उभी राहिली आणि आत ही, एकटी, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी कितीतरी वेळ पलीकडच्या सीटवर दुसरं कुणी आहे का ते बघत होतो.

वाटेत सांगितलं तिने. जुलैपासून रोज सकाळी सात ते आठ, ड्रायव्हिंग स्कूल. परवाना मागच्या आठवड्यात मिळाला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "अहो, तुम्ही अकरा वर्षं 'या रविवारी शिकवतो' म्हणताय. सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला घेतलं असतं."

वळणावर इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, मग वळली. मी एवढं करत नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
आजारपणाची रजा. शांतपणे विचार केला.
१) पद्धत बरोबर होती.
२) क्विनीन खूपच चांगलं निघालं हा माझा दोष नाही.
३) सुया सुंदर होत्या. हे कुणी नाकारलेलं नाही.
४) बाईंची चिठ्ठी पुन्हा वाचली. वितळबिंदू बघा, क्विनीनचा किती तेही बघा. दोन्ही सारखेच निघाले असते.

चौथा मुद्दा काढून टाकायचा होता, पण चिठ्ठी वहीला चिकटवलेली आहे. ओढली तर पान फाटतं.

३० सप्टेंबर, सोमवार
कुपी क्रमांक ३१. धूळ नव्हती.

बाईंच्या त्या कुपीत फिनाइलइथिलअमाइन नावाचा एजंट होता. किती साधा. प्रत्येक प्रयोगशाळेच्या प्रत्येक कपाटात असतो. आपल्याकडेही दरवाजाजवळच्या फळीवर आहे, चोवीस वर्षं मी त्याच्यासमोरून जातोय. बाईंनी मीठ मोठ्या प्रमाणावर केलं, गाळलं, मोडलं, आम्ल वेगळं करून मोजलं. ९३ उजवे, ७ डावे. आज पुन्हा एकदा स्फटिक करून ९९.२१४०.

दशांशने आकडा सांगितला तेव्हा त्याचा आवाज किंचित हलला. चारही दशांश नीट म्हणाला, पण हलला.

सगळे बाईंच्या टेबलाभोवती जमले. मी माझ्या जागेवरून टाळ्या वाजवल्या. बाईंनी गर्दीतून वर बघून म्हटलं, "सर, क्विनीनचा रकाना तुमच्यामुळे पूर्ण झाला. माझी चार, तुमची दोन, सहा द्रावकांत नाही चालत, हे नक्की कळलं." टोमणा असावा म्हणून मी चेहरा निरखून पाहिला. काही सापडलं नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार
हिने विचारलं, त्या बाईंशी बोललात का? म्हटलं, काय बोलायचं. ही म्हणाली, तक्रार केलीत, खोटी निघाली, तर माफी मागायची. यात रसायनशास्त्र काय आहे?

मी म्हटलं, साहेबांनी प्रकरण मिटवलंय. ही म्हणाली, साहेबांनी मिटवलं, तुम्ही कुठे मिटवलंत.

संकल्प: शुक्रवारी माफी मागायची. मोठ्या मनाने. असं करणारे फार थोडे असतात.

३ ऑक्टोबर, गुरुवार
मसुदा तयार. तीन परिच्छेद. पहिला माझ्या सेवेबद्दल, दुसरा त्या काळातल्या माझ्या मनःस्थितीबद्दल, तिसऱ्यात माफी. हिला वाचून दाखवला. म्हणाली, तिसऱ्यापासून सुरू करा आणि तिथेच थांबा. साहित्याची जाण नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. ३.४०
बाई एकट्या कुप्या धूत होत्या. उभा राहिलो. पहिला परिच्छेद म्हटला. त्यांनी नळ बंद केला. दुसरा म्हटला. तिसऱ्यात आलो: तक्रारीत मी तुमच्याबद्दल जे जे लिहिलं त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

बाई म्हणाल्या, "कसली तक्रार, सर?"

मी म्हटलं, माझी. पंचवीस तारखेची. तुम्हाला कामावरून दूर करावं अशी.

त्या हात पुसत होत्या, ते थांबवलं. म्हणाल्या, "मला कुणी काहीच सांगितलेलं नाही."

तेव्हा मला साहेबांच्या टेबलावरचा तो उलटा कागद आठवला. हे आता इथेच राहू दे. इथेच म्हणजे कुठे, ते मला आत्ता समजलं.

तिथून परत फिरता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, काय लिहिलं होतंत? मी सांगितलं. विती, केस, कुपी, फ्रीज, बाटलीवरची खूण. अर्ध्यावर मलाच ऐकवेना. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तीन आठवडे मी तुमच्या शेजारी बसले आणि तुम्ही मला चोर समजत होतात."

मी म्हटलं, "संशयित" असा शब्द वापरला होता.

त्यांनी एक कुपी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "माझ्या पहिल्या नोकरीत मी हेच केलं होतं, सर. सुया आल्या, आकडा मोठा आला, मीठ मोडून बघितलं नाही. सगळ्या ऑफिसने माझं कौतुक केलं आणि दोन दिवसांनी कळलं की तो एजंटच परत आलाय. महिनाभर मान वर करून चालता आलं नाही. तुमचं तसं होऊ नये, म्हणून सांगायला येत होते. बैठकीच्या आधी सांगायला हवं होतं, पण तुम्ही फार खुशीत होतात."

माझ्याजवळ चौथा परिच्छेद नव्हता.

त्यांनी नळ सुरू केला आणि उरलेल्या कुप्या धुवायला घेतल्या. मी दोनचार पुसू लागलो. त्यांनी माझ्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं.

५.००
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "अहो, मी तो कागद त्याच दिवशी फाडून टाकला होता. तुम्ही जाऊन उकरलंत कशाला?" सांगितलं, माफी मागायला गेलो होतो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, जा तुम्ही.

७ ऑक्टोबर, सोमवार
बाईंनी साहेबांकडे जागा बदलून मागितली. कारण लिहिलं: तिकडच्या खोलीत उजेड चांगला आहे. इकडे खिडकी आहे, तिकडे नाही.

दुपारी सामान हलवलं. मी म्हटलं, रॅक जड आहे, मी धरतो. म्हणाल्या, "राहू द्या, मी नेते." दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला दशांश दार धरून उभा होता.

८ ऑक्टोबर, मंगळवार
साहेबांच्या जागी दुसऱ्या शाखेतले कुणीतरी येणार, असं स्टोअरकीपरकडून कळलं. हे सांगताना त्याने रजिस्टरकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं. रजिस्टर बरं होतं.

घरी हिला सांगितलं. तिने चहा पुढे ठेवला आणि माझ्याजवळ बसून राहिली. मी काही शोधलं नाही त्यात.

१० ऑक्टोबर, गुरुवार
मुदत पाळली. उजवं आम्ल कारखान्यात गेलं. अहवाल सगळ्यांना वाटला. चाळीस पानं. माझं नाव पान एकोणतिसावर, तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात: क्विनीनचे प्रयोग यांनी केले, निष्कर्ष नकारात्मक. माझं पद आणि हुद्दा अचूक लिहिला आहे. बाईंनीच लिहिलं असणार.

शेजारचं टेबल पुसून ठेवलंय. मी माझी जागा जरा त्या बाजूला पसरून बघितली, मग परत आवरली.

सकाळी ९.३० ते सायंकाळी ५.३०: माझ्या टेबलाजवळ कुणीही आलं नाही.